सुट्टीच्या एका दिवसात गावाचा इतिहास कसा शोधायचा (घरचं सगळं सांभाळून)

गावाचा इतिहास म्हटलं की लोक थेट पुण्याच्या पेशवे दफ्तराच्या (पेशवाईतल्या सरकारी कागदांचा संग्रह) गप्पा मारायला लागतात, पण तिथे जाऊन नेमकं काय मागायचं हेच माहीत नसेल तर हात हलवत परत यावं लागतं. त्यापेक्षा आधी एक रविवार घरात आणि गावातच घालवा, रजा टाकायची गरज नाही आणि घरचेपण वैतागणार नाहीत.

सकाळचा चहा झाला की माळ्यावरची जुनी भांडी खाली काढा. खरंच सांगतोय. तांब्या-पितळेचे हंडे, घागरी, पराती यांच्या काठाखाली बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, कुणी कुणाला लग्नात दिलं, कुठल्या गावचं, कधीकधी तारीखसुद्धा. चिंच लावून हलक्या हाताने पुसलं की अक्षरं दिसायला लागतात, काथ्याने खसाखसा घासू नका नाहीतर होतं तेपण जाईल. जमिनीच्या जुन्या कागदात बायकांची नावं सहसा सापडत नाहीत, भांड्यांवर मात्र आजीची आई, आत्या, मावशी सगळ्या हजर असतात.

आता घागर तशीच आजीसमोर ठेवायची. "आजी, जुनं काहीतरी सांग ना" असं विचारलं तर ती म्हणणार, "काय सांगू बाबा, मला काय आठवत नाही." पण "ही घागर कुणाची गं?" म्हटलं की माहेरचं गाव, हुंडा, दुष्काळ, कोण मुंबईला गिरणीत गेला सगळं बाहेर येतं. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, तिला सांगून, आणि तेवढा वेळ मिक्सर बंद ठेवायला सांगा.

मग पोरांना घेऊन देवळाकडे. ऊन तिरपं असतं तेव्हा जायचं, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, कारण झिजलेली कोरीव अक्षरं डोक्यावरच्या उन्हात दिसतच नाहीत, अंधाऱ्या जागी असतील तर टॉर्च बाजूने मारा. खडू, पीठ, तेल, शेंदूर काहीही लावायचं नाही. देवळाबाहेर चौकटी-चौकटींचा उभा दगड असेल तर तो बहुतेक वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, खालून वर वाचायचा: तळाला पडलेला वीर किंवा लढाई, मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि टोकाला चंद्र-सूर्य. तळाला गाई कोरलेल्या असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेला माणूस. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे! देऊळ "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" असं कुणीतरी सांगणारच, लिहून घ्या, वाद घालू नका, फक्त काळ ठरवताना ते धरू नका.

शिलालेखात शके सापडलं तर ७८ मिळवा की इसवी सन येतो (पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुतेक ७९). वाचलेला आकडा बरोबर आहे का ते संवत्सराच्या (साठ वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला असलेलं नाव) नावावरून ताडून बघता येतं, शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा नंबर. शिवराज्याभिषेकाचं शक १५९६, त्यात १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद, बरोब्बर जुळतं. पोरांना हा हिशेब करायला द्या, आवडतो त्यांना.

येताना जुन्या माणसांना शेतांची नावं विचारा. पांढरी म्हणतात त्या टेकाडाकडे विशेष लक्ष द्या, ती बहुतेकदा जुन्या वस्तीची जागा असते, पांढुरकी माती आणि खापरं दिसतात. बघा, फोटो काढा, उकरू नका.

दुपारी जेवण, झोप. हे वगळू नका, घरातली शांतता टिकवायची आहे.

संध्याकाळी ट्रंकेतले कागद. जन्मपत्रिका आधी बघा, त्यात शके, संवत्सर, गाव सगळं मिळतं. मोडी (मराठीची जुनी लिपी) कागद असतील तर लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, सपाट ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढा. मोडी वाचता येत नसेल तर पुराभिलेख विभाग अधूनमधून मोडीचे वर्ग घेतो, आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद जमवण्या-वाचण्याचं काम करतंय. इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, ऑनलाइन फुकट मिळतं, साताऱ्याचं १८८५ चं आहे, त्यात गावाबद्दल दोन ओळी निघाल्या तरी नशीब समजा, आणि लिहिणारा साहेब होता हे लक्षात ठेवून वाचा.

झोपायच्या आधी वहीत प्रत्येक गोष्टीपुढे कुणी सांगितली आणि कधी ते लिहा. पणजोबांचं नाव आणि अंदाजे साल हातात आलं असेल तर सोमवारी तहसील कार्यालयात अर्ज करून गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक म्हणतात ती, मागता येईल.