सोलर पंप घेण्याआधी बोअर मोजा

आटपाडी भागात मी पंप उतरवायचं काम करतो. माणूस आला की पहिलं विचारतो, "तीन एचपीचा घेऊ का पाचचा?" मी विचारतो, मे महिन्यात तुमच्या बोअरला पाणी किती फुटांवर असतं? बोअर किती फूट मारलं ते सगळ्यांना पाठ असतं, पाण्याची पातळी कुणी मोजलेली नसते.

ती आधी मोजा, आणि भर उन्हाळ्यात मोजा. जुना पंप दोन तास चालवा आणि पाणी उतरून जिथं थांबेल ती पातळी धरा. समजा १६० फूट आली. लांबचा प्लॉट चढावर असेल तर त्याचे १५, पाइपातल्या घर्षणाचे १०, ठिबकला एक किलो प्रेशर लागतं त्याचे ३३. झालं जवळपास २२० फूट हेड, म्हणजे पंपाला पाणी एकूण जेवढं उचलावं लागतं ती उंची. पंपाच्या तक्त्यात या हेडला तासाला किती लिटर लिहिलंय ते बघा आणि बोअर तेवढं देतंय का ते ताडून पाहा. तासाला ४,००० लिटर देणाऱ्या बोअरवर १०,००० ओढणारा पंप बसवला, तर नेमकं चांगलं ऊन असतं तेव्हाच तो कोरडा पडून बंद होणार.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढं ७.५ मिळतो. आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. हक्कापेक्षा लहान पंप मागितला तरी चालतो, पण कुणी मागत नाही. शेजाऱ्याचा पाचचा आहे ना!

पॅनेलची तोंडं दक्षिणेला. आपल्याकडं वर्षभरासाठी १७-१८ अंशांचा उतार ठीक. डाळिंबाचा हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा) धरत असाल आणि स्ट्रक्चर हलतं असेल, तर थंडीत ३० अंशांपर्यंत उभं करा. बांधावरच्या कडुलिंबाची सावली दिवाळीनंतर लांब पडते, ती आधीच बघून ठेवा. एका पॅनेलवर सावली आली की ओळीतल्या बाकीच्यांचाही करंट अडतो.

खरा बदल ठिबकच्या व्हॉल्व्हमध्ये करावा लागतो. लाईटवरची मोटर चालू केल्यापासून एकसारखं पाणी देते. सोलरचं तसं नाही. सकाळी आठला धार बारीक, अकरा ते दोन जोरात, चारनंतर पुन्हा मंद. म्हणून प्लॉटचे सेक्शन लहान पाडा. सकाळी बोअरजवळचा सखल तुकडा, दुपारी लांबचा आणि चढाचा. खत सोडायचं ते आणि फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) दुपारीच. जमीन उंचसखल असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरचे (प्रेशर कमीजास्त झालं तरी सारखंच पाणी देणाऱ्या) पैसे वाचवू नका. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडून "सोलरला दम नाही" म्हणणारे मला दर हंगामात भेटतात.

पॅनेल पहाटे पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लगेच फडक्यानं कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग बसतात. वळवाच्या आधी अर्थिंग आणि वीजरोधक तपासून घ्या. आणि एक गोष्ट घरच्या पोरांनाही सांगून ठेवा: कंट्रोलर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात. ते कनेक्टर हातानं ओढायचे नाहीत, फिटरला बोलवायचं.