संध्याकाळी पाचनंतरचं मोरोगोरो

टांझानियात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं, तेव्हा कामाची माझी तयारी चोख होती. बचत गटांच्या हिशेबाचे नमुने, लसी, व्हिसा, कागदपत्रांच्या तीन-तीन प्रती. तयारी नव्हती ती संध्याकाळी पाचनंतरची. ऑफिसला कुलूप लागलं की परक्या गावात एकटीने राहायचं कसं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मोरोगोरो हे गाव दार-ए-सलामच्या पश्चिमेला साधारण १९० किलोमीटरवर, उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी आहे. पहिले दोन आठवडे गेस्ट हाउसमध्ये काढा, घराची घाई करू नका. घर दाखवणाऱ्या दलालाला तिथे ‘दलाली’ म्हणतात आणि त्याला बहुतेक वेळा एका महिन्याचं भाडं द्यावं लागतं. घरमालक सहा महिन्यांचं भाडं एकदम मागतात. एवढी रक्कम आपल्या महिन्याच्या भत्त्यातून निघत नाही, तेव्हा संस्थेकडून उचल मिळेल का, हे निघण्याआधीच लेखी विचारून घ्या. घर दोनदा बघा. एकदा सकाळी नळाला पाणी असताना आणि एकदा अंधार पडल्यावर. नळाचा भरवसा नसतो, त्यामुळे आवारात पाण्याची टाकी आहे ना, हेही बघा.

नव्या घरातली पहिलीच रात्र. साडेआठला दिवे गेले. मला वाटलं लोडशेडिंग असेल, पण शेजारी उजेड होता. तिथे विजेचे पैसे आधी भरावे लागतात. ‘लुकू’ नावाचा मीटर असतो, मोबाइलवरून पैसे भरले की २० आकड्यांचं टोकन येतं आणि ते मीटरच्या बटणांवर दाबायचं. आधीच्या भाडेकरूचे युनिट संपले होते आणि माझं मोबाइल-पैशांचं खातं अजून उघडलेलं नव्हतं. मी अंधारात दारात उभी होते. कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंनी विचारलं, मीटरचा नंबर काय? त्यांनी स्वतःच्या फोनवरून टोकन घेतलं आणि चार-चार आकडे मोठ्याने वाचले. मला स्वाहिली आकडे धड येत नव्हते, म्हणून त्या बोटांवर दाखवत होत्या आणि त्यांची मुलगी त्या बोटांवर टॉर्च धरून उभी होती. दिवे आले तेव्हा तिघीही ओरडलो.

त्या बाईंना मी मामा म्हणायला लागले. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. बाईला तिथे मुलाच्या नावावरूनच हाक मारतात, आपल्याकडे ‘अमक्याची आई’ म्हणतात तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला ‘म्जुंबे’कडे नेलं. दहा घरांमागे असा एक माणूस असतो, त्याला आपली ओळख असावी लागते. आपण कोण, किती दिवस राहणार, हे स्वतःहून जाऊन सांगा. त्यानंतर गल्लीत मला कोणी परकी म्हणून न्याहाळलं नाही.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. मच्छरदाणीची चौकट करणारा सुतार ‘सा नाने’ला येतो म्हणाला. नाने म्हणजे आठ. मी सकाळी आठपासून रजा टाकून बसले आणि तो आला दुपारी दोनला, अगदी वेळेवर. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे पहिला तास. आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात, हे आठवल्यावर ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कोणी वेळ दिली की त्यात सहा मिळवा.

भाषेला घाबरू नका. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, साबुनी, रांगी, हेसाबू, बिमा, सेरिकाली. अर्थ सांगायची गरज आहे का? रिक्षाला तर ‘बजाजी’ म्हणतात, पुण्याच्या कंपनीवरून. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायला मात्र विसरू नका. ‘पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात.

आता मूळ दुखण्याकडे येते. बाराही महिने तिथे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सातला मिट्ट काळोख. भारताची वेळ अडीच तास पुढे, म्हणजे मी आठला जेवायला बसायचे तेव्हा लातूरला साडेदहा वाजून आई झोपलेली असायची. पहिला महिना त्या वेळी मी फोन हातात धरून रडले आहे. मग दोन गोष्टी बदलल्या. घरचा फोन सकाळी सहाला लावायचा, तेव्हा आईचा साडेआठचा चहा चालू असतो. आणि संध्याकाळी खोलीचं दार लावून बसायचं नाही. मामांच्या अंगणात जाऊन म्चिचा निवडायला बसायचे. म्चिचा म्हणजे आपल्या माठाच्याच जातीची पालेभाजी. त्यांच्याकडे तुरीचे अख्खे दाणे नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला ‘म्बाझी’ म्हणतात. टांझानियाची तूर भारतात येते हे मला माहीत होतं, डाळमिलच्या गावात वाढल्यावर ते कळतंच. पण भारताने २०१७ साली तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा टांझानियातल्या शेतकऱ्यांचे भाव कसे कोसळले, हे मी त्या अंगणात ऐकलं. एका रविवारी मी तिथे आमटी केली, चिंच-गुळाची. मुलीने तीनदा मागून घेतली.

ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि दवाखान्यात एकट्याने जाऊ नका. शेजारी कोणाला तरी सोबत न्या.

कोणाच्या दाराशी गेलं की बाहेरूनच ‘होडी’ अशी साद घालायची, आतून ‘कारिबू’ आलं की मग आत जायचं. चौथ्या महिन्यात एका रात्री ती साद माझ्या दाराशी आली. मामांच्या घरात अंधार होता आणि फोनमधले पैसे संपले होते. मी टोकन घेतलं आणि कुंपणाशी उभी राहून एकेक आकडा वाचायला लागले. साबा, सिफुरी, तानो, म्बिली. त्या पलीकडे मीटरची बटणं दाबत होत्या.