आरव्हीसाठी बॅटरी घेताय? आधी कागद-पेन घ्या

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, तिच्यासाठी बॅटरी घेताना सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, की लिथियम घेऊ की साधी लेड ॲसिड. पण त्याआधी दिवसाला किती वीज लागते ते काढा, नाहीतर एकतर दुप्पट पैसे घालवाल किंवा रात्री दोनला फ्रिज बंद पडेल.

हिशोब सोपा आहे, वॅट गुणिले तास. लॅपटॉप 60 वॅटचा आणि 5 तास चालला तर 300 वॅट-तास. राउटर 10 वॅटचाच असतो, पण 24 तास चालू म्हणून त्याचेच 240 होतात, आणि हा कुणाच्या लक्षातच येत नाही. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण 45 वॅट खातो पण मधेमधे बंद होतो, त्यामुळे दिवसाचे 400 धरा, उन्हाळ्यात जास्तच. मोबाइल, एलईडी दिवे मिळून 70. झाले हजाराच्या आसपास.

आता बॅटरीवर 100 एएच (ॲम्पियर-तास) लिहिलेलं असतं म्हणजे 12 व्होल्टला 1200 वॅट-तास, वाटतं एकात भागलं. पण लेड ॲसिडमधली निम्मीच वीज वापरायची असते, रोज त्याच्याखाली उतरवलीत तर ती लवकर मरते, म्हणजे हातात उरले 600. त्यात तो 100 चा आकडा 20 तासांत हळूहळू काढलं तरचा असतो, जोरात ओढलंत तर त्याहूनही कमी मिळतं. एजीएम म्हणजे लेड ॲसिडचाच बंद प्रकार, तिचंही तसंच, फक्त पाणी घालायची कटकट नाही. साध्या पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे ती झोपायच्या जागेत नको, बाहेर हवा जाईल अशा खोक्यात ठेवा.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. 100 एएचची घेतली तर 1280 वॅट-तास आणि त्यातले 80-90 टक्के बिनधास्त वापरता येतात, वजन निम्म्याहून कमी, आणि लेड ॲसिड जिथे काहीशे वेळा चार्ज-डिस्चार्ज झेलते तिथे ही हजारो वेळा झेलते. महाग आहे, मान्य. वर्षातून दोनदाच सुट्टीला जाणार आणि प्रत्येक कॅम्पमध्ये वीज मिळणार असेल तर माझ्या मते एजीएम पुरे, उगाच खर्च नको. पण गाडीतच राहून काम करायचं असेल तर लिथियमच.

लिथियमच्या दोन-तीन खोडी आहेत. शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते, म्हणून थंडीत फिरणार असाल तर लो टेम्परेचर कटऑफ असलेली किंवा हीटरवाली बघा. दुसरं, व्होल्टेज बघून किती उरलीय ते कळत नाही, बराच वेळ 13.2 च्या आसपासच दाखवत राहते आणि शेवटी धाडकन खाली येते, तेव्हा शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) लावलेला मॉनिटर घ्याच. आणि इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला ती थेट जोडू नका, ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, मधे करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. जुना लेड ॲसिडवाला चार्जर चालेल का हेही बॅटरीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

इन्व्हर्टरबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीला मी मोठा 2000 वॅटचा लावला आणि लॅपटॉपसाठी दिवसरात्र चालूच ठेवायचो, बॅटरी कुठे जातेय तेच कळेना, मग एकदा मोजलं तर काहीही न जोडता तो एकटाच 20 वॅट खात होता, म्हणजे दिवसाला 480! राउटर आणि लॅपटॉप मिळून जेवढं खातात, जवळजवळ तेवढंच. आता लॅपटॉप 12 व्होल्टच्या सॉकेटमधून टाइप-सी कार चार्जरवर चालतो, फक्त चार्जर लॅपटॉपला पुरेल एवढ्या वॅटचा बघा. राउटर पण बहुतेक 12 व्होल्टचेच असतात, पण ॲडॅप्टरवर बघून खात्री करा, आणि चार्जिंग चालू असताना व्होल्टेज 14 च्या वर जातं म्हणून मधे 12 व्होल्टचा स्टॅबिलायझर टाकलेला बरा. इन्व्हर्टर लागलाच तर लहान आणि प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या, काम झालं की बंद.

इलेक्ट्रिक किटलीचा मोह टाळा. 1500 वॅट म्हणजे 12 व्होल्टला सव्वाशे ॲम्पियर, वर इन्व्हर्टरचा लॉस, आणि 100 ॲम्पियरची बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) असलेली बॅटरी सरळ बंद होते. चहा गॅसवर करा.

आणखी एक, इंजिन सुरू करायची बॅटरी यासाठी वापरू नका, ती दोन सेकंद जोर लावायला बनवलेली असते, तासन् तास पुरवायला नाही, आणि सकाळी गाडीच सुरू झाली नाही तर काय करणार? दिवे-फ्रिजसाठीची बॅटरी वेगळी, आणि तिच्या पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज.

क्षमता ठरवताना ती परत भरणार कशी हेही धरा. 200 वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 700-800 वॅट-तास देतं, ढगाळ असेल तर पार कमी. वरचा हजाराचा हिशोब आणि दोन दिवस ऊन नाही असं धरलं तर 200 एएच लिथियम लागेल, आणि पॅनल दोन.