बँडच्या गोंगाटात गिटारचा मॉनिटर
नाशिकला गणेशोत्सवात गंगापूर रोडवरच्या एखाद्या मंडपात ड्रमपुढे स्वतःची गिटार ऐकू येईनाशी झाली, की बहुतेक वादक मॉनिटरचा, म्हणजे स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज वाढवत जातात आणि शेवटी फीडबॅकची कर्कश शिट्टी ओढवून घेतात. त्याऐवजी मॉनिटरमधील १०० हर्ट्झखालचा खर्जाचा भाग कापावा, कारण तिथे बेस गिटार आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमचेच राज्य असते, आणि २ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा साधारण ३ डेसिबलने उचलावा. एकट्याने वाजवताना हा स्वर काहीसा पत्र्यासारखा लागेल, लागू द्यावा. वरच्या पट्ट्यातील आवाज सरळ रेषेत जातो, त्यामुळे स्पीकर पोटऱ्यांवर नव्हे, कानांवर रोखलेला हवा. सपाट ठेवलेल्या खोक्याच्या पुढच्या कडेखाली विटेचा तुकडा सरकवला तरी फरक जाणवतो.