आधी उठण्याची वेळ, मग निजण्याची

देवगडला आमच्या घरी आठ वर्षांचा मुलगा रात्री साडेअकरापर्यंत जागत असे, सकाळी त्याला अक्षरशः ओढून उठवावे लागे आणि शाळेत त्याचे चित्त थाऱ्यावर नसे. आम्ही मात्र त्याच्या हट्टीपणालाच बोल लावत होतो. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप हवी, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर मी आठवडाभर वहीत नोंदी ठेवल्या, तेव्हा ती जेमतेम 7 तास भरली. अपुऱ्या झोपेने मुले पेंगण्याऐवजी अधिकच चळवळी होतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आधी उठण्याची वेळ साडेसहाला पक्की केली, रविवारीसुद्धा. मग दर तीन-चार दिवसांनी निजण्याची वेळ 15 मिनिटे अलीकडे आणली. मोबाइलच्या पडद्याच्या प्रकाशाने झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते, म्हणून रात्रीच्या पेजेनंतर घरातले सगळे मोबाइल फडताळात जाऊ लागले (खरी कुरकूर आजोबांची होती). पडवीतला दिवा मालवून तो आजीच्या गोधडीत शिरे आणि भरतीची गाज ऐकत पडून राही.

महिन्याभरात तो साडेनऊला झोपू लागला. गृहपाठाच्या वेळची चुळबुळ अजून आहे व तिची तपासणी चालू आहे, पण सकाळची रडारड थांबली.