मन सैरभैर असेल तर ठिपक्यांची रांगोळी

डोक्यात एकच विचार घोळत असेल तेव्हा मुक्तहस्त रांगोळीपेक्षा ठिपक्यांची काढा. ठिपके मोजायचे, रेघ कुठून वळवायची ते ठरवायचे, यात लक्ष गुंतते आणि त्या विचाराला फारशी जागा उरत नाही. 7 ठिपके 7 ओळी पुरेत, अंतर साधारण 2 सेंटीमीटर. एकदम 15 ओळींची घ्याल तर मोजणी चुकते, वैताग येतो आणि मूळ हेतूच बुडतो.

जमीन गेरूने सारवून पूर्ण वाळू द्या, नाहीतर पूड चिकटते. पावसाळ्यात रांगोळी दमट होऊन चिमटीतून गोळ्यागोळ्यांनी पडते. अशी रांगोळी उन्हात वाळवून चाळा, हवी तर थोडी बारीक वाळू मिसळा. रेघ जाड-बारीक झाली तरी पुसत बसू नका. पुसायला लागलात की मन पुन्हा चुकांकडे वळते. फोटो तर नकोच! गुडघे दुखत असतील तर टेबलावर पाटी ठेवून खडूने काढा, तेवढेच चालते.

उदासी किंवा झोप न लागणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर मात्र केवळ यावर विसंबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.