इंजिन बंद, तरी ऑइल प्रेशरचा काटा अर्ध्यावर : माझा अनुभव

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये, इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवली तरी ऑइल प्रेशरचा काटा अर्ध्यावर जात असे. ऑइल, फिल्टर आणि सेन्सरही बदलून झाला. वैताग तेवढा वाढला.

सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून खरा दाब योग्य असल्याची आधी खात्री केली. मग सेन्सरची वायर काढताच काटा टोकाला गेला आणि ती इंजिनला टेकवताच शून्यावर आला. म्हणजे डॅशबोर्डवरचे गेज व वायर निर्दोष होती. इंजिन बंद असताना सुमारे १० ओहम विद्युत रोध दाखवणाऱ्या या एकवायरी सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, आणि तिथे मेकॅनिकने पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती; त्यामुळे अर्थिंग नीट न मिळून रोध वाढत होता आणि काटा वर जात होता. टेप काढून, आटे तारेच्या ब्रशने घासून, तांब्याच्या वॉशरसह सेन्सर बसवल्यावर काटा शून्यावर स्थिरावला.